व्यायाम बंद, पाणी चालू

डोक्यावर केसांची लागवड करून घेतलेली बाई आमच्या श्रीरामपुरात माझ्याआधी कुणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे मला विचारायला कुणी नव्हतं. पुढे कुणावर अशी वेळ आली, तर निदान एका बाईने केलेल्या चुका वाचायला मिळाव्यात म्हणून हे लिहिते आहे. औषधांची नावं आता आठवत नाहीत आणि ती तुमच्या कामाचीही नाहीत. मला काय काय समजलं नाही, ते मात्र कामाचं आहे. ते बरंच आहे.

गिरणी

मी मुलींच्या शाळेत कवायत शिकवते. मुली मला ड्रिलच्या बाई म्हणतात. सत्तर साली दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी दळायला गिरणीत गेले होते. नुकतीच न्हाले होते, केस ओले म्हणून मोकळे सोडलेले. डब्याचं झाकण घरंगळत पट्ट्याखाली गेलं, ते काढायला वाकले. पुढचं मला आठवत नाही. गिरणीवाल्याने खटका पाडला म्हणून वाचले, असं लोकांनी सांगितलं.

कपाळाच्या वर तळहाताएवढी कातडी केसांसकट गेली. मांडीची कातडी काढून तिथे बसवली. तीन महिन्यांत जखम भरली. पण जिथे भांग पडायचा, तिथे कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, चकचकीत कातडी राहिली. तिच्यावर एक केस उगवणार नव्हता.

मला केसांचं कौतुक कधीच फारसं नव्हतं. डोक्याला रुमाल बांधायचा आणि कामाला लागायचं, असं ठरवून टाकलं होतं. अडचण वेगळीच निघाली. कवायतीत वाकलं की रुमाल सरकायचा. ‘दाहिने मूड’ म्हटलं की पन्नास मुली उजवीकडे वळायच्या, पण पन्नासजणींचे डोळे माझ्या कपाळावरच राहायचे. हात कसा न्यायचा ते कुणी बघेना. शिवाय उन्हात त्या कातडीची आग व्हायची आणि संध्याकाळी तिला भेगा पडायच्या.

आमच्या मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, की कमलताई, तुमचे हाल बघवत नाहीत, जूनपासून शिवणाचा तास घ्या. सावलीत, बसून. मला शिवण येत नाही असं नाही. मला बसता येत नाही.

पुण्याचे डॉक्टर

आमच्या यांच्या चुलतभावाने पुण्यातल्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे लावायची विद्या ते परदेशातून शिकून आले होते. बहात्तरच्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांना भेटलो. त्यांनी माझी कातडी अंगठ्याने दाबली, चिमटीत धरली, दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून माझ्या डोक्यावर बोटं ठेवून इंग्रजीत बरंच काही सांगितलं. मग ते यांना म्हणाले, “होईल. पण धरेलच असं सांगता येत नाही. व्रणाच्या जागी रक्त कमी पोचतं.”

मी विचारलं, “मैदानावर केव्हा जाता येईल?”

डॉक्टर हसले. वाईट हसले असं नाही. म्हणाले, “आधी केस तर येऊ द्या, बाई.”

मला हे उत्तर वाटलं. ते उत्तर नव्हतं, हे कळायला तीन महिने लागले.

परत येऊन मी मोठ्या बाईंना सांगितलं, की सुटीत शस्त्रक्रिया करून घेते, तोवर तास कुणाला देऊ नका. त्यांनी विचार करून सांगितलं, की जूनपासून शैला नावाची एक नवी मुलगी तात्पुरती घेतेय. पण यंदा स्वातंत्र्याचं पंचविसावं वर्ष, पंधरा ऑगस्टची कवायत मोठी आहे. त्या दिवशी तुम्ही पुढे उभ्या असाल तर तास तुमचा. नसाल तर शिवण. मला हा सौदा बरा वाटला. दिवस मोजता येत होते.

सेहेचाळीस

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डोक्यात सुया टोचून जागा बधिर केली आणि मी जागी असतानाच काम झालं. दुखलं नाही, पण आवाज ऐकू येत होता. गाजर कोरताना येतो तसा. पेन्सिलीच्या मागचं खोडरबर असतं ना, तेवढे गोल तुकडे मागून काढून पुढे भोकं पाडून बसवले. सेहेचाळीस. मी मोजत होते, दुसरं करायला काही नव्हतं. मग फेट्यासारखं बँडेज बांधलं.

वॉर्डात सकाळी सहाला चहा, मग ताप बघायची काचेची नळी तोंडात, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी. मागच्या जखमांमुळे उताणं झोपता येत नव्हतं आणि पुढच्यामुळे पालथं. बसूनच डुलक्या काढल्या. शेजारच्या खाटेवर काष्टी गावची एक शेतकरी बाई होती, हात भाजलेली. तिला माझ्या डोक्याचं भारी नवल. नर्सने तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे आमी कांद्याचं रोप लावतो तसंच की वो हे. पर कांद्याला लागलीच पानी देत्यात. आन् तुमाला म्हनत्यात पानी लावू नगा.”

मग तीच पुढे म्हणाली, “लावल्यावर पैली पात वाळती, मग नवी फुटती. भिऊ नगा.” मी हो हो केलं. बाई बोलघेवडी होती, दिवसभर काही ना काही सांगायची. त्यातलं मी निम्मंही ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी सुटी मिळाली. हातात एक कागद दिला. यांनी तो वाचून मराठीत सांगितला. दहा दिवस डोकं भिजवू नये. उशी उंच घ्यावी. ऊन टाळावं. चार आठवडे व्यायाम करू नये.

मी एकही प्रश्न विचारला नाही. व्यायाम म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वीस वर्षं मी तेच शिकवत होते.

आड

पुणे ते दौंड आणि दौंडहून बेलापूर स्टेशन, असा प्रवास करून घरी आलो. आमच्या गावाचं नाव श्रीरामपूर आणि स्टेशनाचं बेलापूर, हे नव्या माणसाला समजत नाही. त्या दिवशी मलाही काही समजत नव्हतं. गाडीच्या हादऱ्याने तुकडे निसटतील की काय म्हणून सबंध वाट मी डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. कपाळ आणि पापण्या भाकरीसारख्या फुगल्या होत्या. मला वाटलं, विष पसरलं.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात मार्था सिस्टर होत्या. चर्चच्या मागे राहायच्या. गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्याच हातची. त्या येऊन बघून गेल्या. डोक्याची सूज उतरताना तोंडावरून जाते, दोन दिवसांत ओसरेल, म्हणाल्या. ओसरली. सगळ्या आजारपणात मला सरळ समजलेली ती पहिली गोष्ट, आणि बराच काळ शेवटचीही.

माझ्या मदतीला सासूबाई पुणतांब्याहून आल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांनी तो कागद देवघरापाशी खिळ्याला अडकवला. वाचता येत नव्हता, पण त्यातला शेवटचा नियम त्यांनी मनावर घेतला. संध्याकाळी शाळेच्या मैदानापर्यंत चालून येते म्हटलं, तर दारात आडव्या. “कसरत न्हाई म्हंजे न्हाई. डागदरनं लिवलंय.”

मी म्हटलं, “आत्याबाई, चालणं म्हणजे काय कसरत?”

“तू ड्रिलची बाई. तू चाललीस तरी ती कसरतच.”

खरंच असेल, असं वाटलं. गेले नाही.

त्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. बाकीचं गल्लीतल्या आडावरून. पाणी खूप खाली गेलेलं, दोर वाढवून बांधलेला. आत्याबाईंच्या गुडघ्यांत वात, त्यांना शेंदणं जमणार नाही. हे साखर कारखान्यात टाइमकीपर, सकाळी सहाला घराबाहेर. म्हणजे पाणी माझ्याकडे. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही, आत्याबाईंना वाटलं नाही, यांनाही नाही. एक काळजी मी घेतली. हंडा डोक्यावर घेतला नाही, कमरेवर घेतला. त्याचा मला अभिमानही वाटला होता, हे कबूल करते.

घरी येऊन पाचव्या दिवशी मी आडावरून चौदा पोहरे शेंदले आणि मग धुणं धुवायला बसले. चादर आपटताना डोक्यात ठणका सुरू झाला. मनगटाची नस उडते, तसं डोकं उडत होतं. कपाळावर घाम आला म्हणून पदराने टिपला. पदर लाल.

मार्था सिस्टर

त्यांनी बँडेज कोमट पाण्याने भिजवून सोडवलं. दोन तुकडे बँडेजला चिकटून वर आले. तीन-चार ठिकाणी रक्त भरलं होतं. त्यांनी कापूस दाबून धरला आणि विचारलं, “काय केलंत?”

“काही नाही. चार आठवडे व्यायाम बंद आहे. मी अगदी पाळतेय.”

त्यांनी माझा हात उलटा केला. तळव्यावर दोराचा वळ होता, आडवा, ताजा.

“हे काय?”

“पाणी शेंदलं.”

“किती?”

“चौदा पोहरे. मग धुणं.”

त्यांनी वळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, “बाई, तुमच्या शाळेतल्या पोरीनं चौदा वेळा वाकून दोर ओढला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?”

मी म्हटलं, “पण ते पाणी आहे.”

हे मी खरंच म्हटलं. वीस वर्षं कवायत शिकवणाऱ्या बाईने म्हटलं. सिस्टरांनी मान हलवली, नवा कापूस घेतला आणि म्हणाल्या, “शिट्टी वाजली तरच व्यायाम, व्हय?”

ते दोन तुकडे त्यांनी वाटीत ठेवले. पुन्हा बसणार नाहीत, म्हणाल्या. प्रत्येकात दहा-बारा केस होते, मुळांसकट. मी ते पाहिले आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की आत्याबाईंना आता काय सांगायचं.

उलटी चूक

माणूस एक चूक सुधारायला गेला की दुसरीकडे जाऊन पडतो. घरी येऊन मी पाटी घेतली आणि दिवसभरातली कामं लिहून काढली. शेंदणं, धुणं, झाडणं, भाकरी थापणं, स्टोव्हला पंप मारणं, गाद्या उचलणं, भांडी घासणं. प्रत्येकापुढे लिहिलं : वाकणं लागतं का, जोर लागतो का, घाम येतो का. सगळ्यांपुढे हो आलं. भाकरीपुढेसुद्धा. म्हणजे मी काहीच करायचं नव्हतं.

मग मी काहीच केलं नाही. खाटेवर तीन उशा लावून पडून राहिले. पाणी हे आणू लागले. पहाटे अंधार असतानाच आडावर जायचे, कारण गल्लीतल्या बायका बघतात. चार दिवसांनी कंबर धरून आले आणि म्हणाले, “हे तू रोज करतेस?”

म्हटलं, “लग्न झाल्यापासून.”

त्या दिवशी दोन हंडे कमी आले. भाकरी आत्याबाई बसून करायच्या, आणि करताना तोंड चालू असायचं. त्यांच्या मते चूक सिस्टरांची होती. बायका बाळंतपणात दहाव्या दिवशी पाणी भरतात, कुणाच्या डोक्याला काही होत नाही. ही केसांची बाळंतीण कुठली, असं त्या शेजारणीला सांगत होत्या, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. मला हसू आलं आणि हसण्याने डोकं ताणलं, म्हणून लगेच थांबले. हसणं चालतं की नाही, ते कागदावर नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पोट साफ होईना, पाठ लाकडासारखी. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडून राहू नका, रोज चाला. मी पुण्याच्या कागदाचं सांगितलं. ते म्हणाले, चालणं म्हणजे व्यायाम नव्हे. सिस्टर म्हणत होत्या पाणी म्हणजेही व्यायाम. आत्याबाई म्हणत होत्या चालणं म्हणजे व्यायाम, पाणी म्हणजे नव्हे. तिघांचंही मला त्या त्या वेळी पटलं. ज्याच्यावर माझी भाकरी चालते, त्या शब्दाचा अर्थ मला सांगता येत नव्हता.

चालायला लागले. सकाळी उन्हाच्या आधी, रेल्वेच्या फाटकापर्यंत आणि परत.

चालायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी उशीवर केस दिसले. आखूड, काळे. पुढे लावलेले. बोट लावलं तर आणखी सहा-सात हातात आले. आठवडाभरात सेहेचाळीस वजा दोन, चव्वेचाळीस ठिपक्यांवर बहुतेक काही उरलं नाही. डोकं पुन्हा गोटा, फक्त आता त्यावर वाटाण्यासारखे उंचवटे.

मी रडले नाही. पण त्या दिवशी आरशावर टॉवेल टाकला, हे खरं आहे. चालणं बंद केलं. काष्टीच्या बाईचं वाक्य आठवलं : पैली पात वाळती. पण ती कांद्याबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल? तिला कांद्यातलं कळत होतं, डोक्यातलं नाही. ज्या डॉक्टरांना डोक्यातलं कळत होतं, त्यांनी केस गळण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. किंवा इंग्रजीत काढला असेल.

सात प्रश्न

मी पुण्याला पत्र लिहिलं. सात प्रश्न, आकडे घालून. केस गळाले ते पाणी शेंदल्यामुळे की चालल्यामुळे? मुळं मेली का? चार आठवडे संपले, आता व्यायाम करू का? व्यायामात शेंदणं धरायचं की नाही? धुणं? लेझीम? शीर्षासन? यांनी ते इंग्रजीत उतरवलं आणि शीर्षासनाला शब्द सापडेना, म्हणून ‘डोक्यावर उभं राहणं’ असं लिहिलं. डॉक्टरांना मी वेडी वाटले असणार.

उत्तर येईना. जूनमध्ये शाळा उघडली. मोठ्या बाईंनी शिवणाच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी सातवीच्या मुलींना काजं करायला शिकवत बसले. वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसायचं. शैला चांगली मुलगी, पण शिट्टी घाबरत वाजवायची. मुलींना डावं-उजवं कळेना. एकदा रांगच्या रांग समोरासमोर येऊन धडकली आणि सगळ्या हसत सुटल्या. माझ्या बोटात सुई गेली.

पाऊस नव्हता. आडाचं पाणी आणखी खाली. पाणी हेच भरत होते, आता उजाडल्यावर. सवयीने लाजही जाते.

जुलै अर्धा सरला होता. पंधरा ऑगस्टला चार आठवडे उरले आणि मी मनातल्या मनात शिवणाचा वार्षिक आराखडा मांडायला लागले होते. तेवढ्यात पोस्टमन कार्ड देऊन गेला. सात प्रश्नांना दोन ओळी. लावलेले केस गळणं अपेक्षितच असतं, नवे येतील. व्यायाम सुरू करण्यास हरकत नाही, जपून.

हे वाचून दाखवत होते. ‘जपून’ म्हणजे काय, असा माझा आठवा प्रश्न तयार झाला होता. तेवढ्यात आत्याबाई उठल्या. त्यांना दोन्ही ओळींतलं एकच समजलं होतं. मोरीच्या कोपऱ्यातला दोर त्यांनी काढला, गुंडाळी झटकली आणि पोहऱ्यासकट माझ्यापुढे धरला.

“झाली का मोकळीक? घे. माज्या लेकाची कंबर मोडली दोन म्हयने.”

यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं दिसलं, आणि ते मला दिसलं हे त्यांना दिसलं.

मीही हात पुढे केला होता. खरं सांगते, केला होता. मग तळव्याकडे लक्ष गेलं. वळ कधीच गेला होता.

मी म्हटलं, “आत्याबाई, कार्डात व्यायाम लिहिलाय. पाणी नाही.”

“आं?”

“पाणी म्हणजे व्यायाम नव्हे, तुम्हीच म्हणत होता. मग त्याची परवानगी अजून आलेली नाही.”

त्या दोर धरून तशाच उभ्या. मग यांच्याकडे बघून म्हणाल्या, “शाळंत शिकिवती त्येचं हे असं हुतं.” यांना हसू आलं. पायांत चपला घालून मी मैदानावर गेले.

जपून

‘जपून’चा अर्थ कुणी सांगितला नाही, तेव्हा मी माझाच ठरवला. तो सगळ्यांना लागू पडेल असं नाही. ठणका हे माझं घड्याळ. डोकं उडायला लागलं की थांबायचं, मग ते दुसऱ्या मिनिटाला असो.

पहिले चार दिवस मैदानाला नुसत्या फेऱ्या, संध्याकाळी, सावली लांब झाल्यावर. मग उभ्याने हातांचे प्रकार, खांद्याच्या वर हात न नेता. वाकायचं प्रकरण सगळ्यात शेवटी, आणि वाकताना श्वास कोंडायचा नाही. हे मी मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले, स्वतः आडावर कधी पाळलं नव्हतं. दोर ओढताना मी श्वास धरूनच ओढायची, आता आठवतं. लेझीम तिसऱ्या आठवड्यात, हलकी, उड्या न मारता. रुमाल सुती, सैल, रोज उकळून वाळवलेला. शीर्षासन केलं नाही. अजून करत नाही. डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं आणि मी पुन्हा विचारलं नाही.

दोनदा ठणका लागला, दोनदा घरी परतले. एकदा वाटलं, उंचवट्यांवर काहीतरी खरखरतंय. मार्था सिस्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “खुंट आहेत, बाई. काळे.” त्यांचं बोट मला लागत होतं, पण मी त्यांना आणखी दोनदा बघायला लावलं.

नंतर दिवाळीच्या सुटीत पुण्याला दाखवायला गेले. चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस ठिपक्यांवर केस आले होते. पाच जागी आले नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं, हे पाच पाण्याने गेले, चालण्याने गेले, की व्रणातच रक्त कमी म्हणून? त्यांनी हात पसरले. सांगता येत नाही, म्हणाले. मला अजून सांगता येत नाही. केस दाट नाहीत, भांग नीट पडत नाही, जवळून पाहिलं तर बाहुलीच्या डोक्यासारखं दिसतं. पण ऊन लागत नाही आणि मुली हाताकडे बघतात.

ज्यांना पुढे असा कागद मिळेल, त्यांनी घरात काय काय करता ते डॉक्टरांना तोंडाने सांगावं. ते विचारत नाहीत. आपणही सांगत नाही, कारण आपल्याला ते काम वाटत नाही. आणि केस गळतात का, हे आधीच विचारून ठेवावं, म्हणजे आरशावर टॉवेल टाकायची वेळ येणार नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी आठला मी तीनशे मुलींपुढे उभी होते. शिट्टी वाजवली. शैला समोर, दुसऱ्या रांगेपाशी. रुमाल एकदा सरकला, मी तो नीट केला आणि ‘दाहिने मूड’ दिला. पुढच्या रांगेतली एक मुलगी डावीकडे वळली. बाकीच्या बरोबर वळल्या. कवायत संपल्यावर मोठ्या बाईंनी हात पुढे केला. मी शिवणाच्या कपाटाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

घाम बराच आला होता, पण डोकं ठणकत नव्हतं. घरी येताना गल्लीत कप्पीची करकर ऐकू आली. हे आडावर होते. आम्ही पाणी शेंदायचे दिवस वाटून घेतले होते, आणि तो दिवस यांचा होता.